वाढदिवसाची यादी आणि मालवणचा किनारा : मुलांच्या समारंभाचा एक विसरलेला इतिहास

१. १२ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्र सरकारने एक अधिसूचना काढली. एकदाच वापरून टाकण्याच्या काही प्लास्टिक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी येणार होती. त्या वस्तूंची यादी अशी : फुग्यांना लावायच्या प्लास्टिकच्या काड्या, प्लास्टिकचे झेंडे, गोळ्यांच्या व आइस्क्रीमच्या काड्या, सजावटीचे थर्मोकोल, ताटल्या, पेले, चमचे, काटे, सुऱ्या, स्ट्रॉ, मिठाईच्या खोक्यांवरील व निमंत्रणपत्रिकांवरील पातळ आवरणे, १०० मायक्रॉनपेक्षा पातळ फलक.

२. ही यादी पुन्हा एकदा सावकाश वाचावी. कान साफ करण्याच्या काड्या आणि सिगारेटच्या पाकिटांवरील आवरण वगळले, तर उरते ती एखाद्या लहान मुलाच्या वाढदिवसासाठी बाजारातून आणायच्या सामानाची चिठ्ठीच होय. मुलांच्या आनंदाचे साहित्य कायद्याच्या निषिद्ध यादीत जाऊन बसावे, हे कसे घडले? आणि हे साहित्य येण्यापूर्वी, समजा मालवणच्या किनाऱ्यावर, मुलांचा समारंभ कशाने सजत होता? या धाग्यात याच दोन प्रश्नांचा मागोवा घेऊ.

३. प्रारंभीच एक समजूत दूर करावी लागेल. मुलाचा दरवर्षीचा वाढदिवस मित्रमंडळींना बोलावून साजरा करणे, ही सामान्य मराठी घरांतील जुनी चाल नव्हे. पुरावा हवा असेल, तर घरातील वृद्धांची कागदपत्रे पाहावीत. महाराष्ट्रात असंख्य आजी-आजोबांची जन्मतारीख १ जून अशी आढळते. शाळेत नाव घालताना खरी तारीख कोणालाच सांगता येत नसे. शाळा जूनमध्ये सुरू होत. गुरुजी अंदाजाने वर्ष धरून १ जून लिहून टाकीत. जिथे तारीखच ठाऊक नाही, तिथे तारखेचा सोहळा कुठला?

४. ज्या घरांत जन्मतिथी लक्षात ठेवली जाई, तिथेही विधी आटोपशीर असे : अभ्यंगस्नान, औक्षण, देवाला व वडीलधाऱ्यांना नमस्कार, गोडाचे जेवण. औक्षणाचे तबक मात्र लक्षपूर्वक पाहावे. तेलाची वात असलेले निरांजन, सुपारी, अक्षता, कुंकू, एखादा दागिना. ओवाळून झाल्यावर निरांजन देवापुढे जाई आणि दागिना पेटीत. तबकातील एकही वस्तू केराच्या टोपलीत जात नसे.

५. मग मुलांची मौज कुठे होती? ती पंचांगात होती. एकट्या मुलाचा दिवस नसे. सगळ्या वाडीतील मुलांचे मिळून दिवस असत. नारळी पौर्णिमा, गणेशचतुर्थी, दिवाळी, संक्रांत, शिमगा, गावची जत्रा. त्या त्या ऋतूत परसात, रानात, किनाऱ्यावर जे उपलब्ध असेल, त्यातूनच समारंभ उभा राही. व्यक्तीच्या तारखेऐवजी ऋतूला जोडलेला आनंद, हे या जुन्या व्यवस्थेचे पहिले लक्षण.

६. मालवणची नारळी पौर्णिमा हे त्याचे ठळक उदाहरण. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची उभारणी आरंभिली, आणि किल्ल्यासमोरचे हे बंदर नावारूपाला आले. नारळी पौर्णिमेला किल्ल्यातून निघणारा मानाचा नारळ समुद्राला अर्पण करण्याची परंपरा येथे आजही पाळली जाते. बंदरावर जत्रा भरते आणि नारळ लढवण्याची चुरस रंगते. दोन नारळ एकमेकांवर आपटायचे. ज्याचा फुटला, तो हरला.

७. या खेळाची घडण पाहण्यासारखी आहे. खेळाचे साहित्य म्हणजे नारळ. फुटलेला नारळ म्हणजे खाऊ. करवंटी म्हणजे डाव, बुडकुले किंवा चुलीतले जळण. सोडण म्हणजे काथ्या. पराभूत नारळाचाही कण वाया जात नाही. समुद्राला जे अर्पण केले, ते लाटांनी परत किनाऱ्यावर आणून टाकले तरी कोणत्याही जीवाला त्याची बाधा होत नाही.

८. आता सजावट. सिंधुदुर्गात गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि ती रानातील व परसातील फळाफुलांनी भरतात. तिला माटवी म्हणतात. शेजारच्या गोव्यात माटोळी. आंब्याचे टाळ, नारळ, सुपारीचे घोस, तवसे, लालबुंद कवंडळे, कांगले, हरणाची फुले. ही सामग्री गोळा करण्यासाठी रानात हिंडणे हे मुलांचे काम असे. कोणती वेल कुठल्या कुंपणावर चढते आणि कोणते फळ शोभेचे पण खाण्यास अयोग्य, हे ज्ञान पुस्तकावाचून पिढ्यान्‌पिढ्या असे उतरत गेले.

९. केक नव्हता, असेही मानू नये. कोकणात पावसाळ्यात तवशांचे, म्हणजे मोठ्या काकड्यांचे, पीक आले की धोंडस होई. किसलेले तवसे, तांदळाचा रवा, गूळ आणि खोबरे एकत्र करून ते जाड बुडाच्या भांड्यात घालीत. खाली मंद आच आणि वरच्या झाकणावर निखारे. दोन्हीकडून भाजून निघणारा हा पदार्थ कापून वड्या करायचा. गोव्यात त्यालाच तवसळी म्हणतात. पातोळ्या हळदीच्या पानात उकडत. पान हेच वेष्टन आणि पान हाच सुगंध.

१०. पंगतीला केळीचे पान. पातळ पदार्थाला फणसाच्या पानांचे, नारळाच्या हिरांनी टोचलेले द्रोण. पोफळीच्या पानाच्या देठाशी जे रुंद, चिवट आवरण असते, ती विरी. तिचेही पात्र होई, आणि तिच्यावर एका मुलाला बसवून दुसऱ्याने ओढत नेले की गाडी होई. जेवणे आटोपली की हिरवी पाने गुरांपुढे, वाळकी न्हाणीघराच्या चुलीत, राख भांडी घासायला किंवा माडाच्या मुळाशी. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात समारंभाची खूण शोधूनही सापडली नसती.

११. खेळणी मालवणपासून फार दूर नव्हती. संस्थानी राजधानी सावंतवाडीतील चितार आळीत लाकूड कातून, त्यावर लाखेचे रंग चढवून भोवरे, भातुकली आणि हुबेहूब फळे घडत. पांगाऱ्यासारखे हलके, मऊ लाकूड या कामी येई. तिथलीच गंजिफा ही गोल पत्त्यांची कला. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, असे १२० पत्ते. ही कला लोपत चालली असता विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राजे शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागिरांना आसरा देऊन तिला पुन्हा उभे केले.

१२. किनाऱ्याचे सर्वांत स्वस्त खेळणे म्हणजे सागरगोटे. गजगा नावाच्या काटेरी झुडपाच्या या राखाडी, गुळगुळीत, टणक बिया. समुद्राच्या पाण्यावर तरंगत त्या दूरवरच्या किनाऱ्यांना लागतात आणि तिथे रुजतातही. पाच बिया वर उडवायच्या, झेलायच्या, आणि कंटाळा आला की कोनाड्यात ठेवायच्या. एका पिढीने खेळलेले सागरगोटे पुढच्या पिढीच्या हाती सहज येत.

१३. आणि खास लहान मुलासाठी, इतर मुलांना बोलावून केलेला समारंभ हवा असेल, तर तोही मराठी परंपरेत आहे : बोरन्हाण. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हाही करावयाचे. बाळाला काळे कपडे आणि हलव्याचे दागिने घालायचे, आणि डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, चुरमुरे, हरभरे यांचा वर्षाव करायचा. जमलेली मुले झडप घालून ते वेचतात आणि खातात. दागिने खाद्य, उधळण खाद्य. सजावट, खेळ, खाऊ आणि भेट या चारही गोष्टी एकाच मुठीत. कचरा न उरणारा याहून नेटका बालसमारंभ क्वचितच सापडेल.

१४. येथे थोडे थांबून सावध व्हायला हवे. हा सुवर्णयुगाचा इतिहास नव्हे. ही काटकसर बहुतांशी पर्यावरणाच्या जाणिवेतून आलेली नव्हती. ती टंचाईतून आली होती. पंगती जातीजातींच्या वेगळ्या असत, आणि कित्येक मुलांना त्या अंगणाबाहेरच थांबावे लागे. पाने आणणे, द्रोण टोचणे, निखाऱ्यांशी बसणे, राखेने भांडी घासणे हे श्रम घरातील स्त्रियांचे असत. प्लास्टिकची ताटली घरात आली, तेव्हा तिने अनेक बायकांना सुटकेचा श्वास घेऊ दिला, हेही त्याच इतिहासाचे पान आहे.

१५. आता समुद्रापलीकडे जाऊ. मेणबत्त्यांचा केक ही जर्मन प्रदेशातील रीत. २८ ऑगस्ट १८०१ रोजी महाकवी गोएथे गोथा येथे राजपुत्राचा पाहुणा होता. त्याच्या वाढदिवसाला वयाच्या वर्षांइतक्या, म्हणजे पन्नासच्या आसपास, मेणबत्त्या लावलेला केक पुढे आला, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. तिथल्या मुलांच्या वाढदिवसालाही हीच प्रथा रुळली होती. पुढे ती इंग्लंड-अमेरिकेत पसरली, आणि इंग्रजी राज्याबरोबर मुंबईसारख्या शहरांत आली. औक्षणात ज्योत जपायची असते. येथे ती फुंकायची.

१६. फुग्याचा जन्म तर प्रयोगशाळेतला. १८२४ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे हायड्रोजन वायूवर प्रयोग करीत होता. वायू साठवण्यासाठी त्याने रबराचे दोन पातळ पत्रे एकमेकांवर ठेवून कडा दाबून चिकटवल्या. आतले पृष्ठभाग चिकटू नयेत म्हणून तिथे पीठ भुरभुरले. पुढच्याच वर्षी टॉमस हॅन्कॉकने असे फुगे खेळणे म्हणून विक्रीस आणले. विज्ञानाची पिशवी अशी मुलांच्या हातात गेली.

१७. थर्मोकोल त्याहून पुष्कळ अलीकडचे. पॉलिस्टायरीन फुगवून केलेला हा हलका पदार्थ विसाव्या शतकाच्या मध्यावर जर्मनीत तयार झाला. तोपर्यंत मराठी अंगणात पताका होत्या : पतंगी कागद त्रिकोणी कापायचा, घरात शिजवलेल्या खळीने सुतळीवर चिकटवायचा. समारंभानंतर कागद चुलीत, सुतळी गुंडाळून पुढच्या वर्षासाठी. थर्मोकोलने कापणे सोपे केले, चमक आणली आणि एक नवी अडचणही आणली. ते कुजेना, गुरे ते खाऊन आजारी पडू लागली, आणि जाळले तर घातक धूर.

१८. मालवणचे मुंबईशी नाते जुने. चाकरमानी गणपतीला गावी येतो, तो शहराच्या चालीरीती सोबत घेऊन. १९९८ साली कोकण रेल्वेचा मार्ग पूर्णपणे खुला झाला आणि ही ये-जा वाढली. सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा ठरला, तारकर्ली-मालवणात पर्यटकांची गर्दी होऊ लागली. शहरात जो वाढदिवस सभागृहात होत होता, तो आता किनाऱ्यावरील वाळूत होऊ लागला. सामान तेच, पण त्याच्या आणि समुद्राच्या मध्ये आता भिंत राहिली नाही.

१९. या सामानाचे पुढे काय होते, याचा धडा जगाला २७ सप्टेंबर १९८६ रोजी मिळाला. अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात विक्रमासाठी सुमारे १५ लाख फुगे एकाच वेळी आकाशात सोडले गेले. पावसाळी हवेने ते खाली ढकलले. विमानतळाची धावपट्टी बंद ठेवावी लागली. ईरी सरोवराचा पृष्ठभाग फुग्यांनी झाकला गेला. त्याच वेळी सरोवरात बेपत्ता झालेल्या दोन मासेमाऱ्यांचा शोध घेणाऱ्यांना पाण्यावर माणसाचे डोके कोणते आणि फुगा कोणता, हेच कळेना. ते दोघेही पुढे मृत आढळले.

२०. योगायोग असा की त्याच्या पुढच्याच वर्षी, १९८७ साली, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. येथे खडकांवर प्रवाळ आहेत. जिल्ह्यातील वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे हिवाळ्यात अंडी घालतात. गावकरी घरटी राखतात आणि पिल्ले समुद्राकडे निघाली की कासव जत्रा भरते. पाण्यात तरंगणारी फुटक्या फुग्याची चिंधी आणि जेलीफिश यांतील फरक कासवाला कळत नाही.

२१. समुद्रपक्ष्यांचेही तसेच. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील १,७३३ मृत समुद्रपक्ष्यांच्या तपासणीवर आधारलेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. कठीण प्लास्टिकचा तुकडा गिळण्यापेक्षा फुग्याचा तुकडा गिळल्याने पक्षी मरण्याची शक्यता ३२ पट अधिक, असा त्याचा निष्कर्ष होता. फुगा मऊ असतो, आतड्यात घट्ट बसतो. ‘रबर नैसर्गिक आहे, ते कुजते’ हा बचावही तपासला गेला. लॅटेक्सचे फुगे खाऱ्या पाण्यात, गोड्या पाण्यात आणि खतात १६ आठवडे ठेवले, तरी ते बहुतांशी जसेच्या तसे राहिले.

२२. कायदा त्यामागून आला. २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्राने प्लास्टिक व थर्मोकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली : पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड, दुसऱ्याला १०,०००, तिसऱ्याला २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कारावास. पाठोपाठ आरंभी पाहिलेली देशव्यापी यादी आली. त्या यादीत एक मौजेची फट आहे. फुग्याची प्लास्टिक काडी निषिद्ध आहे. फुगा मात्र मोकळाच आहे. जे कायद्याने सोडले, ते यजमानाच्या विवेकावर आहे.

२३. आज ‘पर्यावरणस्नेही पार्टी’ हीसुद्धा विकत मिळते. दूरच्या कारखान्यातून आलेल्या बांबूच्या चमच्यांचा गठ्ठा, तोही प्लास्टिकच्या आवरणात. म्हणून पदार्थाचे नाव विचारून भागत नाही. जुन्या अंगणाने नकळत पाळलेला एकच प्रश्न विचारावा : उद्या सकाळी ही वस्तू कुठे असेल? पोटात, गोठ्यात, खतात, कपाटात, की समुद्रात? पहिली चार उत्तरे चालतील.

२४. या कसोटीवर मालवणात वीस मुलांचा समारंभ मांडून पाहू. निमंत्रण तोंडी किंवा फोनवर. सजावटीला आंब्याचे टाळ, झावळ्यांची कमान, खळीने चिकटवलेल्या कागदी पताका. पेले-ताटल्या घरातील स्टीलच्या, कमी पडल्यास शेजारून. भांडी घासायला घरातील पुरुष आणि मोठी मुले. केळीच्या पानावर धोंडस किंवा खापरोळी, प्यायला कोकमाचे सरबत. फुगे नाहीत; त्यांच्या जागी नारळ लढवणे, लगोरी, सागरगोटे. भेट म्हणून सावंतवाडीचा एकेक भोवरा किंवा नारळाचे रोप.

२५. समारंभ किनाऱ्यावरच करावयाचा असेल, तर दिवस मावळण्यापूर्वी आटोपावा. कासवाची पिल्ले वाळूतून वर आली की उजेडाच्या दिशेने चालू लागतात. मोकळ्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राकडचा असतो. दिव्यांच्या माळा लावल्या, तर ती उलट माडांच्या बागेकडे वळतात. बोरन्हाणाची आठवण म्हणून शेवटी चुरमुरे आणि खोबऱ्याचे तुकडे उधळता येतील, मात्र स्वच्छ चादरीवर. आणि जुन्या अंगणाने जे केले नाही, ते आपण करावे : वाडीतील एकही मूल बाहेर राहू नये.

२६. सारांश एवढाच. मुलांचा आनंद आणि समुद्राचे आरोग्य यांत निवड करण्याची वेळ या किनाऱ्यावर शतकानुशतके कोणावर आली नाही. ती मागच्या दोन-तीन पिढ्यांत आली. जी गोष्ट इतक्या अलीकडे बिघडली, ती दुरुस्त होण्याजोगी असते. पूर्वजांनी टंचाईपोटी जे केले, ते समृद्धीत राहून जाणीवपूर्वक करणे हे आपल्या पिढीचे काम आहे, आणि ते त्यांच्या कामापेक्षा कठीण आहे.

२७. वाचकहो, जाता जाता एक विनंती. आपल्या आजी-आजोबांची कागदावरील जन्मतारीख १ जून आहे का, ते पाहावे. असल्यास त्यांना विचारावे की लहानपणी वर्षातला सर्वांत आनंदाचा दिवस कोणता होता, त्या दिवशी काय खाल्ले, कशाशी खेळले. उत्तरे खाली लिहावीत. मुलांच्या समारंभांचा इतिहास दफ्तरांत फारसा नोंदलेला नाही; तो त्यांच्याच स्मरणात आहे, आणि तो उतरवून घेण्यास आता फार अवधी उरलेला नाही.